बाळकाकाचा ब

आजीच्या तोंडून बाळकाकाच्या जन्माची गोष्ट निघाली की तिच्यात आधी लाज यायची आणि मग बाळ. साल 1944. आजी एकेचाळीस वर्षांची. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आणि त्याच घरात आईही अवघडलेली. मायलेकींनी दोन महिन्यांच्या अंतराने एकाच सुइणीच्या हाताखाली बाळंत होणं त्या काळच्या वाईत फार नवलाचं नव्हतं. तरी चुलतसासूबाई ओसरीवर बसून, आत ऐकू जाईल अशा बेताने बोलायच्याच. आधी थोरलीला मुलगा झाला. मग आजीला सहावं मूल, शेंडेफळ. सुईण म्हणाली, "बाळ कसं लोण्यासारखं मऊ आहे हो!" आजीने ते कौतुकच समजलं.

पुढचं सगळं आत्याने पाहिलेलं. ती तेव्हा आठ वर्षांची, म्हणजे धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिंडायच्या वयाची. ती सांगते, याला उचललं की हातपाय सैल सुटायचे. काखेत हात घालून धरावं तर हातातून निसटेल अशी धास्ती वाटायची. दूध ओढताना दमून जायचा. आजी कापसाच्या बोळ्याने दूध पाजायची, प्रत्येक घोटाला थांबत. दिवाळीला थोरली तिच्या मुलाला घेऊन आली की मामा-भाचे एकाच चटईवर. भाचा तुळशीभोवती धावायला लागला तेव्हा मामा भिंतीला टेकून बसायला शिकत होता. आजी दोघांना एका ताटात भरवायची आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने दोघांना ताडून बघायची. तिसरं वर्ष सरता सरता बाळकाका चालला. त्या दिवशी आजोबांनी सगळ्या गणपती आळीत पेढे वाटले. एवढ्या मोठ्या पोराच्या पहिल्या पावलाचे पेढे कुणी वाटत नाही, असं म्हणणाऱ्यांच्याही हातावर त्यांनी पेढा ठेवला.

साताऱ्याच्या एका डॉक्टरांनी त्याला एकदाच पाहिलं. तळहात उलटसुलट करून बघितला, डोळ्यांचे कोपरे बघितले, कागदावर इंग्रजीत एक शब्द लिहिला आणि आजोबांना म्हणाले, "ही मुलं फार दिवसांची नसतात. खर्चात पडू नका." आजोबांनी तो कागद जुन्या पंचांगात ठेवून दिला. आजी त्या पंचांगाला हात लावत नसे. मी कॉलेजात असताना माळ्यावरची पुस्तकं झाडताना तो माझ्या हाती आला. कागदावर लिहिलं होतं 'मंगोल'.

तो शब्द वाईत कुठून पोचला याचा माग घेत मी थेट व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडपर्यंत गेले. लंडनच्या दक्षिणेला, सरे परगण्यात अर्ल्सवुड इथे बुद्धीने मागे राहिलेल्या मुलामाणसांसाठी एक मोठी संस्था होती. जॉन लँग्डन डाऊन 1858 पासून तिथे मुख्य डॉक्टर होते. तिथल्या काही मुलांचे आईबाप वेगळे, गावं वेगळी, आणि चेहरे मात्र सख्ख्या भावंडांसारखे, हे त्यांनी बरोबर हेरलं आणि 1866 साली एका छोट्या लेखात लिहिलं. निरीक्षण खरं होतं. पण माणसांच्या वंशांची उतरंड लावण्याचा तो काळ. डाऊननीही त्याच उतरंडीवर या मुलांना बसवलं आणि दूरदेशीच्या एका सबंध समाजाचं नाव त्यांना लावून दिलं. ते शंभर वर्षं सुटलं नाही. 1961 साली काही नामवंत अनुवंशशास्त्रज्ञांनी 'लॅन्सेट'मध्ये पत्र लिहून ते टाकून द्या म्हटलं. 1965 साली मंगोलियाने आक्षेप घेतल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने ते वापरणं सोडलं. बाळकाका तेव्हा एकवीस वर्षांचा होता.

तरीही मला डाऊनसाहेबांबद्दल राग धरता येत नाही. अर्ल्सवुडमध्ये मुलांना मारण्यावर त्यांनी बंदी घातली. मुलांनी टेबलाशी बसून नीट जेवावं, हाताने काम शिकावं, यासाठी ते झटले. 1868 साली ते आणि त्यांची पत्नी मेरी यांनी टेडिंग्टनला नॉर्मन्सफील्ड ही स्वतःची संस्था काढली आणि तिथे 1879 साली चक्क एक नाट्यगृह बांधलं. या मुलांना नाटक, गाणं, नाच द्यायला हवा, असं वाटणारा डॉक्टर त्या काळात किती वेगळा असेल! 1896 साली ते वारले. त्यानंतर नऊ वर्षांनी त्यांच्या मुलाला जो मुलगा झाला, त्याला हाच, आज त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा डाऊन सिंड्रोम होता. आजोबांचंच नाव ठेवलं त्याचं, जॉन. तो नॉर्मन्सफील्डमध्येच राहिला आणि साठी ओलांडून जगला. साताऱ्याच्या डॉक्टरांना हे कुणी सांगायला हवं होतं.

आजीला वंशाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला छळत होता तो अपराध. ग्रहणात आपण विळीवर बसलो का? तिठ्यावरचा उतारा नकळत ओलांडला का? नागपंचमीला चुकून चुलीवर तवा चढवला का? म्हातारपणापर्यंत ती ही यादी मनातल्या मनात उगाळत होती. आम्ही नातवंडं रात्री तिच्याभोवती झोपायचो तेव्हा गोष्ट रामाची चाललेली असे आणि मधेच तिचा सूर लागायचा, "माझं काय चुकलं असेल गं?" जगात असं मूल एकट्या तिच्याच पोटी आलं, अशी तिची पक्की समजूत होती.

आळीतल्या जुन्या बायका मात्र एक गोष्ट सहज बोलून जायच्या: उतारवयातलं शेंडेफळ कधीकधी भोळं निघतं. त्यांनी पाहिलं होतं, म्हणून बोलत होत्या. हेच त्यांच्याही आधी युरोपातल्या डॉक्टरांना दिसत होतं. पण दोष नेमका कशाचा, हे उलगडत नव्हतं. बापाचं वय? आईचं? की खूप बाळंतपणांनी आईचा देह थकलेला असतो म्हणून? लायोनेल पेनरोझ या इंग्रज डॉक्टरांनी कोल्चेस्टरच्या संस्थेत बसून एकेका कुटुंबाची नोंद काढली: कोणत्या मुलाच्या जन्मावेळी आईचं वय किती, बापाचं किती, मूल कितवं. 1933 साली त्यांनी दाखवून दिलं की महत्त्वाचं ते आईचं वय. मूल कितवं याचा संबंध नाही. विशीतल्या आईला अशा बाळाची शक्यता साधारण दीड हजारात एक, चाळिशीत ती शंभरात एकाच्या आसपास जाते. अर्थात तरुण मुलींचीच बाळंतपणं जास्त होतात, त्यामुळे आज जन्मणारी अशी बहुतेक मुलं तरुण आयांचीच असतात. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण "एवढ्या तरुण वयात तुला असं कसं झालं?" हा प्रश्न पंचविशीच्या मुलीला दवाखान्याच्या बाकावर अजूनही ऐकावा लागतो.

खरं कारण हाती यायला 1959 उजाडलं. माणसाच्या पेशीत गुणसूत्रं 46 असतात हेच मुळात 1956 साली नक्की झालं. मार्थ गोतिए ही फ्रेंच डॉक्टर अमेरिकेत पेशी वाढवण्याचं तंत्र शिकून पॅरिसला परतली. रुग्णालयात तिला धड प्रयोगशाळाही नव्हती. पेशींना पोसायला लागणारा रक्तद्रव ती स्वतःच्या रक्तातून काढायची. त्याच कामासाठी तिने एक कोंबडाही पाळला होता. तिच्या काचपट्ट्यांवर या मुलांच्या पेशीत एक गुणसूत्र जास्त दिसलं, 47. फोटो काढायला म्हणून त्या काचपट्ट्या सहकारी जेरोम लेझन यांनी नेल्या. निबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव लेझन यांचं, हिचं दुसरं, आणि तेही चुकीचं छापलेलं. पन्नासहून अधिक वर्षं गेल्यावर, 2014 साली, फ्रान्सच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या नीती समितीने तिच्या कामाची नीट कबुली दिली. 2022 साली ती वारली. या सिंड्रोमची गोष्ट सांगताना तिचं नाव मी कधी गाळत नाही.

स्त्रीबीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुटून एकेक वेगळं व्हायचं असतं. एकविसावी जोडी कधीकधी सुटत नाही आणि बाळाच्या वाट्याला दोनाऐवजी तीन येतात. मुलीची स्त्रीबीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच घडून तशीच थांबलेली असतात. जितकी वर्षं जास्त थांबतात तितकी ती जोडी नीट सुटण्यात घोळ व्हायचा संभव वाढतो. म्हणजे बाळकाका ज्या बीजातून झाला ते, आजी स्वतः जन्माला यायच्या आधीच, तिच्या इवल्या देहात तयार होतं. पुढच्या चाळीस वर्षांतली ग्रहणं, विळ्या आणि तवे यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. हे तिला कुणीतरी बाजूला बसून, हात हातात घेऊन सांगायला हवं होतं. ती 1986 साली गेली. पॅरिसचा शोध तोवर सत्तावीस वर्षांचा झालेला होता आणि वाईच्या आमच्या माजघरात तो पोचला नव्हता.

आणि एकट्या तिच्याच पोटी म्हणावं, तर हे माणसाइतकंच जुनं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात 1515 च्या सुमाराचं एक फ्लेमिश चित्र आहे, बाळ येशूच्या दर्शनाचं. त्यातल्या एका देवदूताचा चेहरा पाहिला की मला बाळकाकाच आठवतो. अभ्यासकांनाही तिथे याच सिंड्रोमच्या खुणा दिसल्या आहेत. 2024 साली जर्मनीतल्या संशोधकांनी जुन्या हाडांमधल्या हजारो डीएनए नमुन्यांत तिसरं एकविसावं गुणसूत्र शोधलं, तेव्हा सहा चिमुकली बाळं सापडली. त्यांतली बहुतेक हजारो वर्षांपूर्वीची. जेमतेम वर्षाची किंवा त्याहूनही लहान अशी ती बाळं काही ठिकाणी राहत्या घराच्या जमिनीखाली पुरलेली होती, आणि काहींच्या सोबत मणी, कांस्याची कडी किंवा शिंपले. त्याच वर्षी स्पेनमधल्या एका गुहेत सापडलेल्या निअँडरथल मुलाच्या कानाच्या हाडावरून कळलं की त्याला बहुधा डाऊन सिंड्रोमच असावा. ऐकायला येत नसणार, तोल सावरत नसणार; तरी ते मूल सहा वर्षं जगलं. लाखाहून अधिक वर्षांपूर्वी, शिकार करून जगणाऱ्या टोळीत, त्याला सहा वर्षं कुणीतरी उचलून नेलं असेल, चावून घास भरवला असेल. आजीचा कापसाचा बोळा मला एकदम फार जुना वाटायला लागतो.

बाळकाका आठ वर्षांचा झाला तेव्हा आजोबा त्याला शाळेत घेऊन गेले. मास्तरांनी आठवडाभर कोपऱ्यात बसू दिलं, मग घरी पाठवलं. त्याच संध्याकाळी आत्याने आपली जुनी पाटी काढली. ती सोळा वर्षांची, इंग्रजी शाळेतून नुकतीच घरी बसवलेली. शिकण्याची तिची तहान भागलेली नव्हती, ती तिने शिकवण्यावर भागवली. रोज दिवेलागणीनंतर दोघं ओटीवर बसायची. 'अ'च्या भानगडीत ती पडली नाही. त्याच्या नावाचं पहिलं अक्षर धरलं, ब. बोटं आखूड, करंगळी आत वळलेली, पेन्सिल हातात ठरायची नाही. तिने पेन्सिलीला चिंधी गुंडाळून ती जाड केली. आज ऑक्युपेशनल थेरपिस्ट आयांना पेन्सिल जाड करून द्या म्हणून सांगतात, ते या मुलीला आपोआप सुचलं होतं.

ब यायला सबंध पावसाळा गेला. आधी तो उभी रेघ ओढायचा, मग तिला डावीकडे पोट जोडायचा. तिथपर्यंत झाला व. मग हात उचलून थांबायचा, आत्याकडे बघायचा, ओठ घट्ट मिटायचा आणि पोटातली तिरपी रेघ एका झटक्यात मारायचा. जमली की पाटी डोक्यावर धरून घरभर फिरायचा. म दसऱ्याला सुरू होणार होता. पण त्याला चिडून रडताना एकदा आजोबांनी पाहिलं आणि पाटी उचलून फळीवर ठेवली. "कशाला छळतेस त्याला? त्याला कुठे कचेरीत जायचंय? खाऊ दे, खेळू दे." त्यात राग नव्हता, माया होती. आत्याला नाही म्हणता आलं नाही. पुढे जन्मभर बाळकाकाला एकच अक्षर येत होतं आणि ते तो मिळेल तिथे काढायचा. बंबाशेजारच्या भिंतीवर कोळशाने, घाटाच्या पायऱ्यांवर ओल्या बोटाने, धान्याच्या पोत्यावर खडूने. आमच्या जुन्या घराच्या न्हाणीतला एक ब मी पाहिलेला आहे. रेघ थोडी पोटाबाहेर गेली होती.

आत्याच्या लग्नाची गोष्ट घरात दोन प्रकारे सांगतात. 1954 साली कराडचं स्थळ आलं. पाहुणे येणार म्हणून बाळकाकाला मागच्या दाराने शेजारी नेऊन बसवलं. पाहुणे आले की पाय धुवायला पाण्याचा तांब्या द्यायचा हे त्याचं ठरलेलं काम. पाहुण्यांचे आवाज ऐकू आले आणि तो शेजारच्यांचा तांब्या घेऊन पुढच्या दारात हजर. मुलाच्या वडिलांनी विचारलं, हा कोण? आजोबा गप्प. पोह्यांच्या बशा घेऊन उभी असलेली आत्या म्हणाली, "माझा धाकटा भाऊ." स्थळ मोडलं. आजी म्हणायची, बाळ्याला पाहून मोडलं. आत्या म्हणते, काही नाही, हुंड्यावरून मोडलं. कोण खरं ते आता कळायला मार्ग नाही. मात्र मुलाकडच्यांच्या मनात जी भीती आली असेल तिला आधार नव्हता. शंभरातली जवळजवळ पंचाण्णव मुलं अशा प्रकारची असतात की बहिणीच्या पोटी ते उतरण्याचा प्रश्नच येत नाही. तीन-चार जणांत जादा गुणसूत्र दुसऱ्याला चिकटून आलेलं असतं, आणि त्यातल्या काही घरांतच ते पिढीजात असू शकतं. ते रक्ताच्या तपासणीत कळतं. हे ठाऊक नसल्यामुळे अशा किती बहिणींना पाहुण्यांसमोर भाऊ लपवावा लागला असेल! आत्याने मात्र लपवला नाही, आणि पुढे जे घर मिळालं तिथे पहिल्याच भेटीत भावाला शेजारी बसवून घेतलं.

वाईत हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव होतो. अफझलखानाचं संकट टळावं म्हणून शेंडे शास्त्रींनी कृष्णेला नवस केला, तिथून तो सुरू झाला, असं आजोबा सांगायचे. एकेका आळीचा आपला घाट, आपले दिवस. घाटावर मांडव पडतो, कृष्णाबाई येऊन बसते, कीर्तनं होतात, पंगती उठतात. आमच्या आळीच्या पंगतीत मीठ वाढायचं काम बाळकाकाकडे होतं. ते मी लहानपणी अगदी जवळून पाहिलंय. पान मांडलं की पहिलं मीठ. तो लाकडी वाटी छातीशी धरून यायचा, अंगठा नि तर्जनीच्या चिमटीत मीठ घ्यायचा, पानाच्या वरच्या कडेला बरोबर मधोमध ठेवायचा आणि ज्याचं पान त्याचं नाव घ्यायचा. जीभ जड, उच्चार बोबडे. पण नाव चुकत नसे. सगळी आळी, कुणाच्या घरी आलेले पाहुणे, गेल्या वर्षी येऊन गेलेले जावई, सगळे त्याला पाठ. नेहमीचा माणूस जागेवर दिसला नाही तर तो पुढे सरकायचा नाही. "पोस्टातले आजोबा?" असं विचारत उभा राहायचा. मग कुणीतरी उठून त्या म्हाताऱ्यांच्या घरी जाऊन यायचं. एका वर्षी अशाच चौकशीतून एक एकटे राहणारे गृहस्थ तापाने पडलेले सापडले. आळीने त्यानंतर बाळकाकाच्या थांबण्याला कधी घाई केली नाही.

आमच्या घराने त्याच्यावर जीव लावला, यात मला तिळभर शंका नाही. पण मायेबरोबर जी दुसरी गोष्ट द्यायला हवी होती, ती त्याला मिळाली नाही. त्याला आणखी काही येईल असं कुणाला वाटलंच नाही. एवढी नावं ज्याच्या डोक्यात राहत होती त्याला म, भ, न आले नसते कशावरून? मीठ वाढणाऱ्याला कधीतरी भात वाढायला का नाही दिलं? आत्या आता नव्वदीला टेकली आहे. ती फळीवर गेलेल्या त्या पाटीबद्दल अजून बोलते आणि आजोबांना माफही करत नाही.

ज्या साली बाळकाका जन्मला त्याच साली, 1944 मध्ये, मुंबईत वकील दांपत्याने आपल्या दीना नावाच्या मुलीसाठी शाळा सुरू केली. दीनालाही डाऊन सिंड्रोम होता. तीच शिवडीची जय वकील शाळा. वाईहून मुंबई तेव्हाही एका दिवसात गाठता येत होती. आमच्या घरी ते कुणाला कळायला हवं होतं, एवढंच. 1984 साली चेन्नईत सुरेखा रामचंद्रन या आईने आपल्या मुलीच्या निमित्ताने देशातल्या अशा कुटुंबांची संघटना उभी केली. या क्षेत्रात जे झालं ते बहुतांशी असं आईबापांनी केलेलं आहे. आज सांगतात ते हे: मूल महिन्या-दोन महिन्यांचं असतानाच व्यायाम सुरू करायचे, बोलण्याचे उपचार, ऐकण्याची नि डोळ्यांची तपासणी, दरवर्षी थायरॉईड, आणि सगळ्यात आधी हृदयाची सोनोग्राफी. कारण जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात जन्मतः दोष असतो आणि तो आज शस्त्रक्रियेने दुरुस्त होतो. 1983 साली अमेरिकेत या माणसांचं सरासरी आयुष्य पंचवीस वर्षं होतं. आज ते साठीच्या घरात आहे. गुणसूत्र तेच आहे. बदलली ती भोवतालची माणसं आणि त्यांचे उपचार.

पुण्याची गौरी गाडगीळ पोहायला शिकली, स्पेशल ऑलिंपिकपर्यंत गेली आणि 2014 साली आलेल्या 'यलो' या मराठी चित्रपटात तिने स्वतःचीच भूमिका केली. आत्याला मी तो दाखवला. पडद्यावर तो चेहरा आला तशी आत्या खुर्चीत पुढे सरकून बसली ती शेवटपर्यंत मागे टेकली नाही. मुलीला पाण्यात उतरवणारी आई आणि तिला दमवणारे प्रशिक्षक पाहून तिने एवढंच म्हटलं, "हिच्या घरी पाटी कुणी काढून घेतली नाही."

बाळकाकाची शेवटची वर्षं त्याच्या वहिनीने, म्हणजे आमच्या काकूने, काढली. आजी गेल्यावर ती त्याची आई झाली, आणि त्याबद्दल तिला कुणी कधी शब्दाने विचारलं नाही हे इथे लिहून ठेवते. पंचेचाळिशी ओलांडल्यावर तो बदलला. घाटाच्या पायरीवर पाय कुठे टाकायचा हे कळेना. एकाच पानावर दोनदा मीठ. मग नावं गेली. आत्या सासरहून आली तर तिच्याकडे परक्यासारखा बघत राहिला. कुणी म्हणालं बाहेरचं आहे, कुणी म्हणालं आईच्या जाण्याचा धसका. आज हे माहीत आहे की अल्झायमरमध्ये मेंदूत जे साचतं त्याची कृती सांगणारं एक जनुक याच एकविसाव्या गुणसूत्रावर असतं. तीन गुणसूत्रं म्हणजे साचणंही लवकर. चाळिशीपर्यंत बहुतेकांच्या मेंदूत त्याची सुरुवात झालेली असते. या माणसांचं आयुष्य वाढलं तसा हा प्रश्नही वाढला आहे, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांना वेळीच सांगायला हवा. काकूला कुणी सांगितलं असतं तर त्याला भूत लागल्याचं ऐकत तिने दोन वर्षं काढली नसती. 1993 च्या फाल्गुनात तो गेला. एकोणपन्नास वर्षं जगला.

त्यानंतर सहा वर्षांनी, 1999 साली, नॅशनल ट्रस्टचा कायदा झाला. आईबापांच्या पश्चात कायदेशीर पालक नेमता येतो तो त्यामुळे. त्याच ट्रस्टच्या निरामय योजनेत लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. 2016 च्या कायद्याने अशा मुलांना अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. "माझ्यामागे याचं कोण?" असं आजी रात्री भिंतीकडे तोंड करून म्हणायची, त्याला कागदावर तरी आता उत्तर आहे. कागदावरचं खाली उतरवायला अजून आयांनाच कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतात.

आत्या सध्या माझ्याकडे पुण्यात असते. तिची नजर अधू झाली आहे, मोठे मथळेसुद्धा दिसत नाहीत. आमच्या खालच्या मजल्यावर एक विशीची मुलगी राहते, हिलाही डाऊन सिंड्रोम. ती सकाळी एका बेकरीत खोकी भरायला जाते, पगाराचं पासबुक स्वतः सांभाळते आणि दुपारी चार वाजता आत्याला पेपर वाचून दाखवायला वर येते. ही वेळ तिनेच ठरवली आहे. आत्याला डुलकी लागली असेल तर हलवून उठवते. ती ओळीखाली बोट धरून वाचते, जोडाक्षराला थांबते. परवा 'अत्यावश्यक'वर अडली. आत्याला राहवेना, तिने शब्द सांगायला तोंड उघडलं, तर मुलीने तिच्या हातावर हात दाबला. "सांगू नका. मी वाचते." बोट मागे नेऊन तिने तो शब्द तीनदा तोडला, चौथ्यांदा सबंध म्हटला आणि बातमी शेवटपर्यंत नेली. मग पेपरची घडी घालून तिने आत्याला बजावलं, "गुरुवारी पाणी येणार नाही. बादल्या भरून ठेवा."